आईची कवळी आणि माझा राजीनामा

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली आठातली पाचच अंगं जमिनीला लागतात. उरलेली तीन लागली असं तुम्ही मोठ्या मनानं समजावं.) इकडे आम्ही सगळे जिवंत आणि बऱ्यापैकी धडधाकट आहोत. तुमच्या डोळ्याचं कसं काय? पट्टी निघाली का? धाकट्या लेकीकडे राहायला गेलात खरे, पण ती डोळ्यात थेंब घालायला आली की तुम्ही बाथरूममध्ये जाऊन कडी लावून बसता, असं कानावर आलंय, ते बरं नाही. डॉक्टरांनी तुम्हाला वाकू नका, ओझं उचलू नका आणि चिडू नका असं सांगितलंय म्हणे. पहिल्या दोन गोष्टी तुम्ही तशाही कधी केल्या नाहीत, तिसरीची काळजी वाटते. या पत्रातली अक्षरं पाटीवर काढल्याएवढी का, असं वाटलं असेल तर त्याचं कारण एवढंच की हे पत्र तुम्ही स्वतः, एका डोळ्यानं का होईना, पण स्वतः वाचायचं आहे. धाकटीकडून वाचून घ्यायचं नाही, जावयाकडून तर मुळीच नाही, आणि शनिवारी घरी परत गेल्यावर आईच्या हाती लागेल असं कुठे ठेवायचं नाही. एका पानावर आठ ओळी बसताहेत, त्यामुळे पाकीट गलेलठ्ठ होणार. पोस्टातल्या बाईंनी आत पुस्तक आहे का म्हणून विचारलं तर मी सरळ हो म्हणणार आहे.

तर मी तीन आठवडे घरी येऊन गेलो हे तुम्हाला कळलंच असेल. कशासाठी येऊन गेलो याबद्दल मात्र तुम्हाला तीन गोष्टी कळल्या असतील. एक म्हणजे माझी नोकरी गेली, दुसरी म्हणजे बायकोनं मला घराबाहेर काढलं, आणि तिसरी म्हणजे मला आतून काहीतरी झालंय आणि मी सगळ्यांना शेवटचं भेटून घेतोय. यातली तिसरी कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं पसरवली. त्यानं मला किती दिवस मुक्काम असं विचारलं, आणि मी आपलं खुर्चीत बसल्या बसल्या, बघतो, कदाचित आता कायमचाच, असं बोलून गेलो. त्याची कात्री थांबली. मग त्यानं आवाज खाली आणला, मानेवरून हात फिरवला, सगळं ठीक होईल म्हणाला, आणि केस इतके हळुवार कापले की निम्मे तसेच राहिले. मामा, आपल्याकडे माणूस परत आला की त्याचं काहीतरी बिघडलंय असंच लोक धरतात. तिन्ही गोष्टी खोट्या आहेत. खरं जे आहे ते याहून लाजिरवाणं आहे, म्हणून एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहितोय.

सुरुवात दोन वर्षांपूर्वीची आहे. आईची जुनी कवळी मोरीत पडून दोन तुकडे झाले तेव्हा मी आठ दिवसांसाठी आलेलो होतो. बाजारातल्या दंतवैद्याकडून नवी करून घेते असं ती म्हणाली आणि मी तिच्याशी जवळजवळ भांडलोच. पंचवीस वर्षं या परमुलखात मी दुसरं काय करतोय? इथल्या किती अनोळखी तोंडांत माझे दात आहेत ते मलाही सांगता येणार नाही. (एक निवृत्त न्यायाधीश आहेत, बरेच बसचालक आहेत, आणि एक गाणाऱ्या बाई आहेत. त्यांच्या वरच्या सुरात शिट्टी वाजायची, ती मी पुढचे दोन दात केसभर आत घेऊन घालवली. त्यांनी माझ्यासाठी पहिल्या रांगेचं तिकीट पाठवलं होतं. सबंध गाणं मी त्यांच्या तोंडाकडे बघत ऐकलं, बाकी काही लक्षात नाही.) आणि माझ्या आईनं बाजारातली कवळी घालायची? मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिच्या हिरड्यांची मापं घेतली, प्लास्टरचे साचे केले, आणि निघायच्या दिवशी सकाळी मेणाच्या पट्टीवर तिचा चावा घेतला. (चावा म्हणजे वरचा आणि खालचा जबडा एकमेकांवर कसा येतो त्याचा मेणातला ठसा. हे तुम्हाला पुढे लागेल म्हणून सांगून ठेवतो.) नंतर मेणात दात लावून तोंडात घालून बघायची एक फेरी असते, तिला वेळच उरला नाही. साचे बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणले, कवळी इथे पुरी केली, आणि ओळखीच्या एका गृहस्थांबरोबर पाठवली. मामा, हातानं केलेलं एवढं सुंदर काम माझ्याकडून पुन्हा होणार नाही. हिरड्यांचा रंग मी तीनदा बदलला. पुढचा एक दात मुद्दाम किंचित तिरका लावला, तिचा स्वतःचा तसा होता म्हणून.

कवळी पोचल्यानंतरच्या पहिल्या रविवारी आई फोनच्या पडद्यावर आली आणि मी बायकोला हाका मारून बोलावलं. दहा वर्षांनी तरुण दिसत होती. मी तिला पुन्हा पुन्हा हसायला लावलं. पण त्या दिवसापासून तिचं बोलणं आटलं. तुम्हाला तिचे पूर्वीचे रविवार माहीत नाहीत. मी फोन फडताळाला टेकवून आठवड्याचे कपडे इस्त्रीला घ्यायचो आणि ती सुरू व्हायची. वरच्या मजल्याची गळती, दूधवाल्याचं तिसरं लग्न, तुम्ही पत्त्यांत केलेली लबाडी (ती तारीखवार सांगायची), डॉक्टरांचं न लागणारं औषध. सात शर्ट, तीन विजारी आणि दोन चादरी होईपर्यंत ती श्वास घ्यायला थांबत नसे. आणि आता काय, तर हं. बरं आहे. तुझं सांग. बस्स. मी दहा मिनिटं बोलायचो, ती मान हलवायची, मधेच डोळे मिटायची, आणि पुन्हा हं. इस्त्री अर्धी राहायला लागली. महिने गेले आणि मी असा शोध लावला की आई रुसली आहे. मी गेलो याचा तिला राग आला आहे. पंचवीस वर्षं तो तिनं दाबून ठेवला आणि आता म्हातारपणी वर आला. एकेका ‘हं’चा मी दोन दोन दिवस अर्थ लावत बसायचो. बायको म्हणाली, तुझी आई रागावली की गप्प बसणाऱ्यांतली नाही, मला विचार. पण ते मी कानाआड केलं, कारण मला ते नको होतं.

का नको होतं, ते आता कळतंय. तेव्हा मात्र मला एवढंच दिसत होतं की कुणीतरी माझी वाट बघत रुसलं आहे. इथे मला कुणी वाईट वागवत नाही हो. घर आहे, खिडकीतून एक झाड दिसतं, बसथांब्यावर अकरा वर्षं एकच गृहस्थ रोज हात वर करतात आणि मी करतो. त्यांचं नाव मला माहीत नाही, त्यांना माझं. एक दिवस मी आलो नाही तर ते दुसऱ्या कुणाकडे बघून हात वर करतील, की खिशात घालतील, असा विचार मी बसमध्ये करत असे. मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात गेली, ती इथलीच आहे, तिला परत कुठे जायचंच नाही. आणि आमच्या लॅबच्या खिडकीशी बसून दातांना झिलई देता देता मला अचानक आपल्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीचा तुटका कोपरा आठवायचा आणि हातातलं काम खाली ठेवावं लागायचं. मग रविवार यायचा, आई ‘हं’ म्हणायची, आणि मला वाटायचं, ही बोलावते आहे.

शेवटी एका रविवारी मी बोलून टाकलं की आम्ही परत यायचं म्हणतोय. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बघ बाबा, एवढंच म्हणाली आणि लगबगीनं फोन ठेवला. ते पाणी मी बघितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी राजीनामा लिहिला. आमच्या लॅबच्या मालकीणबाईंनी चष्मा कपाळावर चढवून तो वाचला आणि घरी कोण आजारी आहे असं विचारलं. कुणीच नाही म्हटल्यावर त्यांना ते पटेना. मग म्हणाल्या, जा, बघून ये, हा कागद मी पुढच्या महिनाअखेरपर्यंत खणात ठेवते आणि तुझ्या खुर्चीवर कुणाला बसवत नाही. (या बाईंनी पंचवीस वर्षांत माझं तोंडावर एकदाही कौतुक केलं नव्हतं. मला त्या दिवशी जिना उतरताना धड दिसत नव्हतं.) महिनाअखेर म्हणजे आजपासून सतरा दिवस. हा आकडा लक्षात ठेवा.

असा मी घरी आलो. आईनं दार उघडलं ते दात घालूनच. मी गळ्यात पडलो, ती पाठीवरून हात फिरवत राहिली, बोलली काहीच नाही. जेवताना ती भात चिवडत बसायची आणि ताट तसंच उचलायची. मी मनात म्हणायचो, अजून राग गेलेला नाही, बघू, वेळ लागेल. दरम्यान नोकरीचं बघावं म्हणून गावातल्या नव्या लॅबमध्ये गेलो. तिथे मेण नाही, प्लास्टर नाही, एक यंत्र काचेच्या पेटीत आपलं आपण दात कोरत बसलेलं. मालक माझ्या निम्म्या वयाचे, अत्यंत सभ्य. माझी कामं बघून त्यांनी वा वा केलं, चहा पाजला, आणि मग खुर्ची जवळ ओढून विचारलं की तिकडे नक्की काय झालं. मी काही झालं नाही म्हणालो. ते समजुतीनं हसले. गुरुवारी गुरुवारी या, मुलांना जुनी पद्धत दाखवा, असं म्हणाले. मी घरी येताना दोन वेळा रस्ता चुकलो. ज्या गावात मी डोळे मिटून फिरत असे त्या गावात, मामा, मी एका बाईंना पोस्ट ऑफिस कुठे असं विचारलं आणि त्यांनी मला पाहुणा समजून अगदी हळू हळू, एकेक शब्द सुटा करून रस्ता सांगितला.

आता मुख्य प्रकार. दहाव्या दिवशी दुपारी मी आतल्या खोलीत पडलो होतो. मी झोपलोय असं घरात सगळ्यांनी धरलेलं. तहान लागली म्हणून उठलो तर स्वयंपाकघरातून आवाज. आईचा! तोच रविवारचा जुना, न थांबणारा आवाज. स्वयंपाकाच्या बाईंना ती वरच्या मजल्याच्या गळतीचं प्रकरण सांगत होती आणि वरच्या बाईंची नक्कल करत होती. दोघी खदाखदा हसत होत्या. मी दाराशी जाऊन उभा राहिलो. आई पाटावर बसलेली, मांडीवर कुटलेल्या शेंगदाण्यांची वाटी, तोंडाचं पूर्ण बोळकं, आणि चेहरा असा खुललेला की मी तो विसरलोच होतो. मामा, मला दोन वर्षांत एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. मग तिनं मला पाहिलं. हात विजेसारखा ओट्यावरच्या डबीकडे गेला, पाठ वळली, दात आत गेले, आणि वळून ती म्हणाली, हं, झोप झाली?

मी पाणी प्यायलो आणि परत जाऊन पडलो. दुसरं काय करणार? ती आंघोळीला गेल्यावर मी डबी उघडली. कवळी हातात घेतली की माणसानं ती कशी वापरली हे मला वर्तमानपत्रासारखं वाचता येतं. दोन वर्षांत दाढांची टोकं झिजतात, एका बाजूची जास्त, कारण प्रत्येकाची चावायची एक लाडकी बाजू असते. हिच्या दाढांवर एक ओरखडा नव्हता. इथून पाठवली तशीच होती. स्वयंपाकाच्या बाईंना बाजूला घेऊन विचारलं, तर त्या आधी शपथा घालून मग बोलल्या. त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहितो: “दादा, आजी रविवारीच घालतात ते. फोनच्या आधी पाच मिनिटं. फोन झाला की काढतात आणि मग तासभर हिरड्यांना मध लावून बसतात. लागतात हो त्यांना. बोलायला गेलं की निसटतात, म्हणून तोंड आवळून बसतात. तुम्ही एवढ्या मायेनं केले, कसं सांगायचं?”

म्हणजे तो राग नव्हता. दोन वर्षं मी ज्याचा अर्थ लावत बसलो तो माझ्याच हातचा माल होता. डोळ्यांत आलेलं पाणी हिरडी सोलल्याचं होतं. (बघ बाबा म्हणायला ओठ मिटावे लागतात, तिथेच खालचा दात टोचतो. मी तपासून पाहिलं.) आणि हे दूधवाल्याला माहीत होतं, वरच्या मजल्यावर माहीत होतं, आणि रोज संध्याकाळी तिच्यासमोर पत्ते घेऊन बसणाऱ्या तुम्हालाही माहीत असणार. नाही म्हणू नका. तुम्हाला रागवायचा अधिकार मला नाही, पण दोन वर्षांत एक ओळ लिहायला काय झालं होतं? तुम्हीच ना लहानपणी माझ्या सदऱ्याचं बटण उलटं लागलं तरी भर रस्त्यात ओरडून सांगत होतात?

खरं म्हणजे मी सुटकेचा श्वास सोडायला हवा होता. आई रुसलेली नाही, आनंदात आहे, शेंगदाणे खाते आहे, नकला करते आहे. झालं तर मग! पण मला फार वाईट वाटलं, मामा. तीन दिवस मी धड जेवलो नाही. मला कुणी बोलावत नव्हतं, हे मला त्या डबीनं सांगितलं. ज्या हाकेसाठी मी राजीनामा लिहिला ती हाक नव्हतीच. मग मी आलो कशाला? तर मला यावंसं वाटत होतं म्हणून. आणि पन्नाशीला टेकलेल्या माणसाला तेवढं कारण पुरत नाही, त्याला कुणीतरी हात धरून ओढलेलं लागतं.

निदान कवळी तरी नीट करून द्यावी म्हणून मी साळसूदपणे तिला म्हणालो की आता नव्या पद्धतीची एक करू, चावा परत घेऊ. ती म्हणाली, छान बसतात रे हे, लोण्यासारखे. तरी मी ऐकलं नाही. चावा घेताना माणूस सैल असावा लागतो. वरचा जबडा कवटीला धरून असतो, तो कुठे जात नाही. खालचा मात्र मोकळा असतो, मनात काही असलं की आवळतो, नाहीतर पुढे सरकतो. मी तिला खुर्चीत बसवलं, हवापाण्याच्या गोष्टी केल्या, आई जबडा सैल सोड म्हटलं. तिनं आवळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतला तर पहिल्याशी मेळ नाही. शेवटी ती वैतागून म्हणाली, “तू असा समोर तोंडाकडे बघत बसल्यावर कसं सैल सोडू? तू हल इथून, मग सोडते.” तिसरा चावा मी घेतला तो पुन्हा निघायच्या दिवशीच, सकाळी, बॅग दाराशी असताना.

त्याच्या आदल्या दिवशी मी तिला विचारलंही. मनाचा हिय्या करून, तिच्या खाटेवर बसून, तिच्या पायांना तेल चोळता चोळता विचारलं, आई, मी परत येऊ का? ती उत्तर द्यायला तोंड उघडणार होती, मी पाहिलं. मग थांबली. उशाची डबी घेतली, पाठ वळवली, दात घातले, आणि मग शांतपणे म्हणाली, “तुझं तिथं छान चाललंय. माझं इथं छान चाललंय. उगीच कशाला?” मी बरं म्हटलं आणि दुसरा पाय घेतला.

निघताना ती दारापर्यंत आली. दात घातलेले होते. आणि मामा, मी बाकी काही बघितलं नाही, धंद्याची सवय वाईट, मी दातच बघितले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा ते अगदी बिनचूक बसले होते. वरची ओळ खालच्या ओळीवर जिथल्या तिथे. सबंध प्रवासभर मला याचा उलगडा होईना. इथे परत आल्यावर पहिल्याच दिवशी मी लॅबचा माझा खण उघडला. दोन वर्षांपूर्वीचे तिचे साचे, तेव्हाच्या चाव्यावर एकमेकांना जोडलेले तसेच, आणि त्या चाव्याचं मेण, मी काहीच फेकलेलं नाही, सगळं तिथेच एका खोक्यात आहे. त्या साच्यांवर बरोबर आणलेले तीन चावे एकेक करून बसवून पाहिले. पहिला डुगडुगतो, दुसरा डुगडुगतो. तिसरा, निघायच्या सकाळचा, टक्क बसला. दोन वर्षांपूर्वीच्या चाव्यात आणि त्याच्यात केसाचाही फरक नाही. मी दिवसभर उलटसुलट करून बघितलं. दोन्ही वेळा तिनं जबडा घट्ट आवळून पुढे काढलेला, रडू बाहेर पडू नये म्हणून माणूस आवळतो तसा. त्या तोंडाच्या मापाची कवळी मी तिला करून दिली होती. ती मला निरोप देताना तेवढी बरोबर बसते, बाकी आयुष्यभर लागते. मालकीणबाई माझ्या पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी दोन्ही मेणं हातात घेतली, बघितली, परत ठेवली, आणि त्या दिवशी मला घरी लवकर पाठवलं.

बायकोला सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं, ती हसली नाही. ती म्हणते, मी यायला तयार आहे, सामान बांधायला मला चार दिवस पुरतात, पण का जायचं ते मला एका वाक्यात सांग आणि त्या वाक्यात आईचं नाव आणू नकोस. आठ दिवस मी ते वाक्य जुळवतोय. ‘मला तिथे’पर्यंत येतं आणि अडतं. तिथे मला रस्ता विचारावा लागतो. इथे मला जिन्याची पायरी आठवते. कुठेही असलो तरी मी दुसरीकडून आलेला असतो, आणि याचा कंटाळा आलाय हे कुणाला सांगावं तर दोन्हीकडचे लोक म्हणतात, तुझं बरं आहे बाबा, दोन घरं आहेत.

असो. फार लिहिलं. डोळ्याला ताण देऊ नका, मधेमधे मिटत चला. मामींना नमस्कार, धाकटीला आणि जावयांना आशीर्वाद. पत्र वाचून फाडा. राजीनाम्याचं मी काय ते बघेन, तुम्ही त्यात डोकं घालू नका, ती माझी अडचण आहे.

तुमचा भाचा

ता. क. एक छोटंसं काम होतं. पाकिटात रुमालात गुंडाळून मेणाची एक पट्टी पाठवली आहे. (पोस्टातल्या बाईंना पुस्तक म्हणणार आहे ते एवढ्यासाठीच.) रविवार सोडून कुठल्याही संध्याकाळी, डाव रंगात आला की ती कोमट पाण्यात बुडवून आईला चावायला सांगा. तिला जिंकू द्या आधी. माझा विषय काढू नका. ती हसत असेल तर फारच उत्तम. तसा एक चावा मला मिळाला तर कवळी मी आठ दिवसांत करून देतो.

ता. क. २. आत्ता वर लिहिलं की राजीनाम्यात डोकं घालू नका, ते खोडलं असं समजा. मामा, मला तुमच्याशिवाय कुणी नाही विचारायला. चावा घेऊन झाला, मेण बाजूला ठेवलं, पत्ते पिसताना, सहज, तिला विचारा, तो परत आला तर तुला हवाय का? एवढंच विचारा. ती जे म्हणेल ते शब्द जसेच्या तसे लिहा, गोड करू नका, तुम्हाला ती सवय आहे. सतरा दिवस म्हणालो होतो, पत्र पोचेपर्यंत दहा उरतील. बायकोला हे कळवू नका, कारण मी पुन्हा आईलाच विचारतोय असं ती म्हणेल आणि ते खरं आहे.

ता. क. ३. ती नको म्हणाली तरी कळवा. मी वाईट वाटून घेणार नाही. घेईन, पण तुमच्यावर नाही. फक्त तेव्हा दात तोंडात होते की डबीत, तेवढं लिहायला विसरू नका.